पाचोळ्याचा वास आणि बैलाचं रक्त

वाइनची चव लिहून काढणाऱ्या जाणकारांचा एक वास फार लाडका आहे: जंगलातल्या जमिनीचा. भिजलेला पाचोळा, अळंबी, थोडं चामडं, लांबून येणारा धूर, असलं काही लाल वाइनच्या ग्लासात सापडलं की ते डोळे मिटतात आणि बाटलीला दोन गुण जास्त देतात. ही मंडळी राहतात लंडनच्या नाहीतर पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर. जोयडा तालुक्यात हा वास घ्यायला ग्लास लागत नाही, मागचं दार उघडलं तरी पुरतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमची अंथरुणं, वह्या, पोस्टाची पाकिटं आणि मुक्कामाला राहिलेले पाहुणे याच वासाचे असतात. त्याबद्दल आजवर आम्हांला कुणी गुण दिले नाहीत. "कपडे नीट वाळलेले दिसत नाहीत," एवढाच शेरा मिळाला.

म्हणून माझं म्हणणं असं, की हंगेरीच्या लाल वाइनचा खरा रसिक बुडापेस्टमध्ये शोधू नये. तो कुंभारवाडा, जगलबेट, रामनगर या पट्ट्यात तयार बसलेला आहे. त्याच्यापर्यंत फक्त बाटली पोचलेली नाही.

तालुक्याची ओळख करून देणं भाग आहे, कारण बेळगावच्या माणसालासुद्धा जोयडा म्हटलं की "दांडेलीच्या पुढं ना?" एवढंच सुचतं. याचं जुनं नाव सुपा. ते सुपा गाव काळी नदीवरच्या 101 मीटर उंच धरणाच्या पाण्यात गेलं, माणसं उठून रामनगरला गेली, नाव तेवढं कागदांवर तरंगत राहिलं. क्षेत्रफळ सुमारे 1,900 चौरस किलोमीटर, माणसं 50 हजारांच्या आसपास, उरलेलं सगळं जंगल. या जंगलाला 2015 पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. वाघ आहे, काळा बिबट्या आहे, धनेश तर गणेशगुडीला फांदीफांदीवर. द्राक्ष मात्र नाही आणि होणारही नाही. आमच्या कॅसलरॉकला वर्षाला 5,000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. हंगेरीत एगर म्हणून वाइनचं गाव आहे, तिथं वर्षभरात 600च्या आसपास पडतो. तेवढा आम्ही जुलैच्या एका आठवड्यात संपवून मोकळे होतो. इथं कुणी हौसेनं द्राक्षाचा वेल लावलाच, तर सप्टेंबरात त्याला अळंबी येईल.

आपलं पीक नसलं तरी दारूशी आमचं जुनं नातं आहे, आणि ते मुख्यतः जकातीचं आहे. गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघालेली रेल्वे 1888 मध्ये घाट चढून वर आली, तेव्हा कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतलं पहिलं स्टेशन ठरलं. खाली कुळ्याला पोर्तुगीज सामान तपासणार, वर कॅसलरॉकला इंग्रज. पुढं इंग्रज गेले आणि मुंबई राज्याचा 1949चा दारूबंदी कायदा आला. आमचा कारवार जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होता. म्हणजे घाटाच्या खाली पोर्तुगालहून आलेली लाल वाइन जेवणाच्या टेबलावर, आणि घाटाच्या वर मोरारजीभाई. कुळ्याला कायदेशीररीत्या तृप्त असलेला प्रवासी कॅसलरॉकला उतरेपर्यंत गुन्हेगार होई. यात त्याचा काही दोष नसे, दोष चढणीचा. आता गाड्यांची तपासणी अनमोडच्या नाक्यावर होते. जगातल्या पुष्कळ प्रदेशांनी दारू गाळून नाव कमावलं. आम्ही ती कुठून कुठं चालली आहे हे बघून कमावलं.

या वाटेनंच माझा भाचा हंगेरीची वाइन घेऊन आला. तो बुडापेस्टला कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. काय करतो हे त्यानं समजावून सांगितलं आहे, पण घरात ते कुणाला सांगता येत नाही. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. त्याच्या बॅगेत पाऊण लिटरच्या दोन बाटल्या होत्या आणि पालिंका नावाच्या फळांच्या दारूची अर्ध्या लिटरची एक. बेरीज बरोबर दोन लिटर. हंगेरीतली माणसं गणितात पुढं असतात असं ऐकून होतो, ते तिथल्या बाटल्यांच्या मापातही उतरलेलं दिसलं.

पहिली बाटली बाहेर निघाली तेव्हा काकी पडवीत सुपारी सोलत बसली होती.

"हे काय रे?"

"वाइन, आजी. एग्री बिकावेर."

"म्हणजे काय?"

इथं मुलानं थोडं खोटं बोलायला हवं होतं. पण चार वर्षं परदेशात राहिलं की मुलांची ती सवय मोडते.

"बैलाचं रक्त," तो म्हणाला.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला गोरवांना आंघोळ घालतात, गळ्यात माळा घालतात, गोडाचा घास भरवतात. काकीनं बाटलीकडं पाहिलं, मग गोठ्याकडं पाहिलं, आणि बाटली अंगणाच्याही पलीकडं, गडग्यावर नेऊन ठेवायला सांगितलं. तिथं ती तासभर उन्हात बसली. वाइनच्या पुस्तकांतून हे सर्वांत मोठं पाप समजतात, पण त्या पुस्तकांना काकी भेटलेली नाही.

बाटलीला घरात घ्यायचं तर आधी बैलाचा निकाल लागायला हवा होता. ते काम शेजारच्या मास्तरांनी हाती घेतलं. मराठी शाळेत त्यांची उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळं किल्ला म्हटला की त्यांचा पेन्शनीतला आवाज परत नोकरीवर रुजू होतो. भाचा सांगू लागला: 1552 साल. एगरचा किल्ला. बाहेर तुर्कांची 35-40 हजारांची फौज. आत बायकामुलं धरून 2 हजारांच्या आसपास माणसं. किल्लेदार इश्त्वान दोबो.

"वेढा किती दिवस?" मास्तर.

"39."

"बायका?"

"तटावर. उकळतं तेल, डांबर ओतत होत्या."

मास्तरांनी खुर्ची पुढं ओढली. पुढची गोष्ट अशी, की दोबोनं सैनिकांना हुरूप यावा म्हणून तळघरातली लाल वाइन वाटली. ती त्यांनी घाईघाईनं प्यायली, दाढ्यांवर सांडली, चिलखतांवर ओघळली. खालून बघणाऱ्या तुर्कांत वावडी उठली की हे लोक बैलाचं रक्त पितात. त्या रक्तानं यांना एवढं बळ आलंय म्हटल्यावर फौजेचा धीर सुटला आणि वेढा उठला. गड वाचला, वाइनला नाव मिळालं.

मास्तर खूश झाले, पण तपासणी त्यांच्या अंगात मुरलेली आहे. वेढा पडला असता सैनिकाला वाइन वाटणारा किल्लेदार त्यांना पटेना. भाच्यानं मग खाली मान घालून उरलेलं सांगितलं. इतिहासकारांच्या मते त्या काळी एगरला लाल वाइन होतच नव्हती, जी काही होती ती पांढरी. लाल द्राक्ष नंतर आलं, तुर्कांपुढं पळत उत्तरेला आलेल्या सर्बियन लोकांबरोबर. 'बैलाचं रक्त' हे नाव पहिल्यांदा लिहिलेलं आढळतं ते 1846 मध्ये, यानोश गाराय नावाच्या कवीकडं, आणि तेही एगरच्या वाइनबद्दल नव्हे, दक्षिणेतल्या दुसऱ्याच गावच्या वाइनबद्दल. शिवाय 1596 मध्ये तुर्क परत आले आणि त्यांनी तो किल्ला घेतलाच.

"म्हणजे बैल नव्हता, रक्त नव्हतं, लाल वाइन नव्हती आणि शेवटी किल्लाही राहिला नाही," मास्तर म्हणाले. "मग खरं काय होतं?"

"दाढ्या," भाचा म्हणाला.

काकीला एवढं पुरलं. बैल नव्हता हे सिद्ध झाल्यावर बाटली गडग्यावरून पडवीत आली. ज्या दुसऱ्या गावानं या नावावर हक्क सांगितला आहे, त्याचं नाव मास्तरांनी दुसऱ्या बाटलीच्या लेबलावरून मोठ्यानं वाचायला घेतलं आणि पहिल्या अक्षरानंतर काकीकडं बघून खोकल्याची उबळ आली असं दाखवलं. मीही ते सेक्सार्द असं एकदाच लिहितो आणि पुढं 'दक्षिणेतलं गाव' म्हणतो. आजही दोन्ही गावं आपापल्या लाल मिश्रणाला बैलाचं रक्त म्हणतात आणि मूळ कुणाचं यावर तावातावानं बोलतात. जोयडा, हल्याळ, कारवार यांनी सीमावादाच्या महाजन अहवालापासून जे ऐकलं आहे, त्यानंतर दोन गावांच्या भांडणाचं आम्हांला कौतुक वाटणं शक्य नाही. तिथं भांडणाच्या शेवटी निदान बाटली तरी उघडते.

बाटली उघडायला ओपनर निघाला नाही. भाच्यानं बॅग उपसली, मी कपाट. शेवटी मास्तरांनी लाकडाच्या स्क्रूला पकड लावून बूच उपटलं, तेव्हा तिथं उपस्थित असलेल्या रसिकतेला थोडा धक्का बसला. ग्लासांचा प्रश्न पुढं आला. वाइनला म्हणे पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास हवा. आमच्या घरात त्या आकाराची एकच वस्तू आहे, ती म्हणजे तांब्या. तो देवाचा असल्यामुळं सरबताच्या काचेच्या ग्लासांवर भागवलं.

भाच्यानं ग्लास तिरका धरून रंग दाखवला, गोल फिरवला ("सांडशील," काकी), नाक आत घातलं आणि बोलू लागला. वाइनबद्दल बोलताना माणसं विवाहमंडळाच्या जाहिरातीची भाषा का वापरतात, हे मला नेहमी कोडं वाटत आलं आहे. मध्यम बांधा, रंग खुलता, स्वभाव थोडा तिखट पण सुसंस्कृत, वय वाढेल तशी शांत होणारी, घराणं चांगलं. ही स्थळंच आहेत, फक्त पत्रिका मागत नाहीत. आणि इथंही घराण्याबद्दल प्रश्न आहेतच. एग्री बिकावेर ही एका द्राक्षाची वाइन नव्हे. नियमानं अनेक जातींची द्राक्षं त्यात मिसळावी लागतात आणि त्यात मोठा वाटा केकफ्रान्कोश नावाच्या निळसर काळ्या द्राक्षाचा असतो. समाजवादी राजवटीत सरकारी कारखान्यांनी हे मिश्रण एवढं स्वस्त आणि एवढं पातळ करून परदेशी पाठवलं, की बैलाला रक्तक्षय झाल्याची बोलवा झाली. 1990च्या दशकात तिथल्या वाइनवाल्यांनी ते सावरलं, नियम घट्ट केले. आता बरे दिवस आहेत.

भाच्याची यादी सुरू झाली: मिरे, लवंग, धूर, चामडं, जंगलातली जमीन.

मास्तर प्रत्येक शब्दाला बोट दाखवत गेले. मिऱ्याचा वेल अंगणातल्या सुपारीवर. लवंग डब्यात. धूर न्हाणीघराच्या चुलीचा. चामडं म्हणजे कोपऱ्यातल्या त्यांच्या वहाणा, ज्यांना ऑगस्टपासून बुरशी आहे. "जमीन तर आहेच," ते म्हणाले. "एवढ्या लांब जाऊन तू आमचंच परसू बाटलीत भरून आणलंस. वर पैसे दिलेस."

यादीत एकच वस्तू कुणाला ओळखता आली नाही. आंबट चेरी. हंगेरीत तिला मान आहे, तिचं थंडगार सूप करून पितात. आपल्याकडं चेरी म्हणजे केकवर बसते ती, लालभडक आणि गोड. केकफ्रान्कोशचा सगळा जीव त्या आंबट चेरीत, आणि आमच्यात कुणी ती खाल्लेली नाही. रसग्रहण इथंच अडलं असतं. तेवढ्यात काकीनं चमचा मागितला.

काकीचा लाल वाइनशी परिचय आहे आणि तो चमच्याचाच आहे. गोव्याची पोर्ट वाइन या भागात कित्येक घरांत औषधाच्या कपाटात असते. अशक्त माणसाला, बाळंतिणीला दोन चमचे. त्यानं रक्त वाढतं अशी पक्की समजूत. डॉक्टर मान डोलावत नाहीत, काकीही हटत नाही. महाराष्ट्र सरकारनं 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचं ठरवलं, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे यावर केवढा गदारोळ झाला. काकीनं टीव्ही बंद करता करता निकाल दिला होता, "दारू कसली, टॉनिक." ती गोव्याची पोर्ट गोड असते, बहुतेक बंगलोर ब्लू द्राक्षाची. पोर्तुगालच्या पोर्तो शहराशी तिचा संबंध नावापुरता. गंमत अशी, की हंगेरीतही 'निळी पोर्तो' म्हणून एक लाल द्राक्ष होतं, त्याचाही पोर्तोशी काही संबंध नव्हता. युरोपीय संघात गेल्यावर त्यांना ते नाव सोडावं लागलं. पोर्तोच्या नावावर संसार करणारे गोव्यात आणि हंगेरीत एकाच वेळी निघावेत, यात पोर्तुगालचंच काहीतरी चांगलं असणार.

तर काकीनं चमचाभर घेतलं. जिभेवर फिरवलं. सगळे गप्प.

"आगळ आहे," ती म्हणाली. "पाणी कमी घातलंय. आणि गूळ विसरलेत."

मी वाइनवरचं थोडंबहुत वाचलं आहे, पण केकफ्रान्कोशचं इतकं नेमकं वर्णन माझ्या वाचनात नाही. ही वाइन कोरडी असते, म्हणजे गूळ नसतो. हंगेरी उत्तरेला, 46-48 अक्षांशांवर. तिथल्या गार रात्रींमुळं द्राक्ष पिकलं तरी त्याचा आंबटपणा सुटत नाही. फ्रान्सच्या भारी वाइनचा दिमाख ज्याला ठाऊक आहे त्याला हा आंबटपणा आधी खटकतो, मग त्याला तो 'ताजेपणा' असं नाव देतो. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, आगळावर वाढलेल्या माणसाला मधली पायरी लागतच नाही. मे महिन्यात भिरंडं फोडून, मीठ लावून, रस धरून बरण्या भरलेल्या घरात आंबट हा दोष नसतो, पाया असतो. त्यावर जिभेला बसणारा तुरटपणा. पाश्चात्त्य रसिकाला तो कसा ओळखावा हे वर्गात बसवून शिकवतात, कडक काळा चहा प्यायला देऊन. आमच्याकडं अर्ध-कच्ची करवंदं आणि जांभळं खाऊन पोरं हा अभ्यासक्रम इयत्ता दुसरीत संपवतात, जीभ जांभळी करून.

आंबट, तुरट, मिरे, धूर, पाचोळा. एवढी तयारी असलेला माणूस उगाच नाशिकच्या वाइन महोत्सवात जाऊन रांगेत उभा राहतो.

दुसरी बाटली कादार्काची होती, त्या दक्षिणेतल्या गावची. कादार्का हे ते सर्बियन लोकांबरोबर आलेलं द्राक्ष. साल पातळ, पाऊस लागला की कुजतं, उशिरा पिकतं, रंगालाही फिकं. 1880च्या सुमारास मुळं खाणाऱ्या किडीनं तिथले मळे आडवे केले, त्यानंतर शेतकऱ्यांनी या नाजूक पोरीचा नाद बराचसा सोडून केकफ्रान्कोश लावलं. पण ज्यांनी तिला ठेवलं त्यांनी तिखट जेवणासाठी ठेवलं. हंगेरीत पाप्रिका घातलेला माशाचा लालभडक रस्सा करतात, त्याच्याबरोबर कादार्का.

पाप्रिका म्हणजे तरी कोण? आपलीच मिरची, लांबच्या नात्यातली. अमेरिकेतून निघालेली मिरची पोर्तुगीजांनी गोव्याला आणली, तुर्कांच्या वाटेनं ती हंगेरीत पोचली. तिथं तिचा तिखटपणा गेला आणि रंग राहिला. आमच्याजवळ ब्याडगीला तेच झालं. ब्याडगी मिरची रस्सा लाल करते आणि माणसाला पांढरा करत नाही. फरक एवढाच, की हंगेरीच्या मिरचीवर नोबेल आहे. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचे शास्त्रज्ञ सेगेद गावी क जीवनसत्त्व कशातून मुबलक मिळेल ते शोधत होते. एके रात्री बायकोनं जेवायला ताजी पाप्रिका वाढली. ती खायची इच्छा नव्हती, आणि तसं म्हणायचं धैर्यही नव्हतं, म्हणून ती घेऊन ते प्रयोगशाळेत गेले, असं ते स्वतःच सांगत. तिच्यात क जीवनसत्त्वाचा साठा सापडला. 1937 मध्ये नोबेल मिळालं. ताटातली भाजी न खाण्यासाठी माणसानं काय काय करावं याचा हा उच्चांक आहे, आणि ब्याडगीचं नोबेल का हुकलं याचं कारणही यातच आहे. आमच्याकडं ताटात वाढलेलं टाकून उठायची सोय नाही.

काकीनं तेफळं घातलेला बांगड्याचा तिखल्याचा रस्सा केला होता, आणि माडीची कापं. ही माडी म्हणजे कुणबी लोक पिकवतात तो मोठा, रानडुकरांपासून राखलेला कंद. जोयड्याला जानेवारीत कुणबी मंडळी कंदमुळांचा मेळावा भरवतात, तिथं असले कंद पाहिले की बटाट्याची कीव येते. तेफळ जिभेला झिणझिण्या आणतं. कादार्काचा घोट त्या झिणझिण्यांवरून असा अलगद गेला, की भाच्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. जड, ओकच्या पिंपात मुरलेली वाइन इथं तेफळाशी भांडली असती आणि हरली असती. माशाबरोबर पांढरीच वाइन प्यावी हा नियम ज्यांनी केला, त्यांचा मासा लिंबू पिळलेला आणि दुःखी असावा.

उरला प्रश्न तापमानाचा. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असं म्हणतात. ही खोली युरोपातल्या जुन्या दगडी वाड्यातली, 16-18 अंशांची. एप्रिलमधली जोयड्याची खोली धरली तर वाइनचा काढा होईल. एगरमध्ये मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेली तळघरं आहेत, मैलोन् मैल, वर्षभर गार. आमच्या तालुक्यात त्या जातीचं एकच ठिकाण, कवळ्याची गुहा, पण तिथं महादेव आधीपासून राहतो. फ्रिज होता, वीज नव्हती. ज्या तालुक्याचं पाणी अडवून राज्याला वीज मिळाली, त्याच तालुक्यातल्या कित्येक वाड्यांनी दिवा फार उशिरा पाहिला, आणि अजून तो वादळवाऱ्यात हजेरी लावूनच जातो. शेवटी बाटली दोरीला बांधून विहिरीत सोडली. सोडणारा मी, गाठ मास्तरांची. विहिरीनं ती नीट सांभाळली.

हे विहिरीचं पाणी काय आणि ओढ्याचं काय, जायचं शेवटी काळी नदीलाच. काळी आमच्या डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. मास्तरांनी इथं रवींद्रनाथांना आणलं. त्यांच्या कुठल्याही गप्पा कारवारपर्यंत गेल्या की रवींद्रनाथ येतातच. विशीतले रवींद्रनाथ कारवारला भावाकडं, न्यायाधीश सत्येंद्रनाथांकडं राहिले होते आणि काळी नदीतून होडीनं फिरले होते. त्यांनी आपल्या आठवणींत ते लिहिलं आहे. पण भाच्याजवळ दुसरं टोक होतं. तेच रवींद्रनाथ 1926 मध्ये युरोपच्या दौऱ्यात आजारी पडले आणि हंगेरीत बालातोनफ्युरेद गावी, तळ्याकाठच्या हृदयरोगाच्या इस्पितळात राहिले. तिथं त्यांनी लावलेलं झाड दाखवतात, तळ्याकाठचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. म्हणजे जोयड्याच्या पाण्यावर तरंगलेला आणि हंगेरीच्या पाण्यावर बरा झालेला निदान एक माणूस निघाला, आणि तोही साधा नव्हे. त्या गावच्या पाण्याची ख्याती अशी, की जमिनीतूनच सोड्याचं येतं. वाइनबद्दल त्यांचं मत काय होतं, हे मास्तरांनी विचारलं नाही. काही प्रश्न गुरुदेवांच्या बाबतीत विचारायचे नसतात.

सोड्यावरून आठवण झाली, आणि इथं भाच्याच्या तोंडून जे बाहेर पडलं त्यानं सगळा सोवळेपणा संपला. हंगेरियन माणूस वाइनमध्ये सोडा घालतो. लपूनछपून नव्हे, उघड, दुकानात मागून. आन्योश येदलिक नावाच्या एका धर्मगुरू शास्त्रज्ञानं तिथं सोडा तयार करायचं यंत्र बनवलं आणि वाइनला जोडीदार मिळाला. या मिश्रणाला फ्रोच म्हणतात. हे नाव 1842 मध्ये व्योरोश्मार्ती या थोर कवीनं दिलं, असं सांगतात. बहुधा पांढऱ्या नाहीतर गुलाबी वाइनचा करतात. लाल वाइनमध्ये तिथली तरुण पोरं सरळ कोला ओततात, आणि त्याला तीन अक्षरांचं लाडकं नावही आहे. हे ऐकून माझ्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं. गोव्याच्या सीमेवर मार्च-एप्रिलमध्ये उर्राक येतो, काजूच्या बोंडूंची पहिल्या धारेची दारू. तो लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून प्यायची पद्धत आहे. शहरातले पाहुणे त्यावर नाक मुरडतात. त्यांना आता बुडापेस्टला पाठवता येईल.

फ्रोचची मजा त्याच्या पदांमध्ये आहे. एक भाग वाइन, एक भाग सोडा तो 'छोटा'. दोन भाग वाइन, एक सोडा तो 'मोठा'. एक वाइन, दोन सोडा ती 'लांब ढांग'. तीन वाइन, दोन सोडा तो 'हाझमेश्तर', म्हणजे चाळीचा रखवालदार. आणि उलटं, दोन वाइन, तीन सोडा, तो 'उप-रखवालदार'. हुद्दा उतरला की सोडा वाढतो.

मास्तरांनी हे तत्त्व ऐकताच कागद मागवला. रखवालदार आपल्याकडं नाही, पण महसूल खातं आहे. तीन भाग वाइन, दोन सोडा: तहसीलदार, यावर एकमत झालं. दोनास तीन: उपतहसीलदार. एकास एक म्हणजे सर्कल इन्स्पेक्टर. लांब ढांग शानभोगाला, म्हणजे तलाठ्याला, कारण त्याला गावोगाव चालायला लागायचं. काकीनं विचारलं, नुसता सोडा घेणाऱ्याचं काय. मास्तरांनी पेन थांबवलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: अर्जदार.

"आणि नुसती वाइन, सोडा नाही?" भाच्यानं विचारलं.

"ती मंत्र्यांची," मास्तर म्हणाले. "पण सुपा धरण झाल्यापासून इकडं कुणी फिरकत नाही. त्यांचा वाटा ओत इथं."